जानुसंधिगतवात व ‘स्टेम सेल’ : दावा, पुरावा आणि खर्च

जानुसंधिगतवाताचे रुग्ण आपल्या नित्य परिचयाचे आहेत. मरोळसारख्या उपनगरातील रुग्ण आता तेल व गुग्गुळकल्प घेताना ‘स्टेम सेलने गुडघ्याची झीज भरून येते काय?’ असेही विचारतो. वैद्य व औषधविक्रेते या दोघांनाही याचे नेमके उत्तर देता आले पाहिजे.

प्रकारभेद : एकाच नावाखाली तीन भिन्न उपचारांची जाहिरात होते.
१) पीआरपी : हा रुग्णाच्या रक्तातील प्लेटलेटयुक्त अंश होय, ही स्टेम सेल चिकित्सा नव्हे.
२) रुग्णाच्याच मेदातून वा अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी.
३) निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेले उत्पादन. या प्रकारातील ‘स्टेम्प्युसेल’ला १४६ रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीनंतर २०२२ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी मान्यता दिली. ही मान्यता त्या उत्पादनापुरतीच असून अन्य उपचारांना ती लागू होत नाही.

पुरावा : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ४७५ रुग्णांच्या चाचणीत अस्थिमज्जा, मेद व नाळ यांतील पेशींची तुलना स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली गेली. वर्षअखेर पेशीचिकित्सा सरस ठरली नाही. २०२५ च्या कॉक्रेन समीक्षेत २५ चाचण्या व १३४१ रुग्ण होते. वेदना व हालचाल यांत किंचित सुधारणा होऊ शकते, परंतु पुरावा कमी खात्रीचा आहे, असा तिचा निष्कर्ष आहे. ‘झीज भरून येते’ हे आश्वासन यावर उभे राहत नाही.

खर्च : २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत, कर वगळून, ५४,७२० रुपये ठरविली; तत्पूर्वी ती सरासरी १,५८,३२४ रुपये होती. स्टेम सेलच्या ‘पॅकेज’वर असे बंधन नाही. म्हणून रुग्णास पुढील प्रश्न लिहून द्यावेत :
• पेशी कोठून घेणार? उत्पादनास गुडघ्यासाठी मान्यता आहे काय?
• तपासण्या, दुसरा गुडघा व पुनर्मात्रा धरून एकूण खर्च किती?
• हे संशोधन असल्यास शुल्क कसे? चाचणीतील औषधाचे पैसे रुग्णाकडून घेणे संशोधननीतीस धरून नाही.

हीच कसोटी आपणांसही लागू आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत संधिवाताचाही समावेश आहे. ‘गुडघेदुखी कायमची बरी’ असा फलक आपल्याच दुकानात असेल, तर इतरांच्या जाहिरातीविषयी रुग्णास सावध करण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.