वैशाखांतील तलाव व गळ टाकण्याची वेळ

कंधारास राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग सागर आहे, आणि तालुक्यांतच बारूळ येथें मन्याडेवरील धरण. उन्हाळ्यांत शेतीचीं कामें सैल पडलीं म्हणजे एखादा दिवस गळ घेऊन बसावें, असें पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटतें. परंतु दिवस ठरवितांना ते आपली सवड पाहतात, पाणी पाहत नाहींत. त्यामुळें ‘भल्या पहाटे जावें’ हा सरसकट उपदेश कित्येकदां फुकट जातो.

याचें कारण असें. मासा पाण्यांत विरलेल्या प्राणवायूवर जगतो, व पाणी तापेल तितका तो वायु त्यांत कमी मावतो. २० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत दर लिटरास फार तर ९ मिलिग्रॅम, ३० अंशांस सुमारें साडेसात. त्यांतून पाणी हिरवें असलें तर शेवाळ दिवसा प्राणवायु सोडतें खरें, पण रात्रभर तेंच तो खर्चीत राहतें. म्हणून अशा पाण्यांत पहाटेस त्याचें मान सर्वांत कमी होतें. रोहू, कटला वर येऊन आ वासूं लागतात, आणि पाहणारास वाटतें कीं मासा भुकेला आहे! तो श्वासासाठीं धडपडत असतो. आमिषाकडे ढुंकूनहि बघत नाहीं. अशा वेळीं जाळें ओढून तळचा गाळ ढवळला, तर उरलासुरला प्राणवायूहि जातो व न धरलेले मासेहि मरतात. आटलेल्या शेततळ्यांत वर्षाचें पीक एका सकाळींत असें गमावतां येतें.

तेव्हां आदल्या दिवशीं जाऊन हात कोपरापर्यंत बुडवून पाहावा. बोटें दिसलीं तर उजाडतांच बसावें. न दिसलीं तर सूर्य कासराभर वर येऊं द्यावा, किंवा आमच्या मतें संध्याकाळच पत्करावी. वाऱ्यानें लाटा ज्या कांठावर आपटतात तो कांठ बरा, कारण तेथें हवा पाण्यांत मिसळते. दहानंतर उन्हांत बसणें हा निव्वळ हट्ट होय. वळिवाचें आभाळ गडगडूं लागल्यास कांठ तत्काळ सोडावा.

सार्वजनिक तलावाचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रोहू-कटला साठल्या पाण्यांत सहसा वीत नाहींत. त्यांचें बी दरसाल पैसे खर्चून सोडावें लागतें. यास्तव त्या मंडळींस आधीं विचारावें.

मरळीची गोष्ट निराळी. ती हवेंतूनहि श्वास घेते, म्हणून घागरींत थोड्या पाण्यांत जिवंत घरीं आणतां येते. घागरीचें तोंड मात्र फडक्यानें बांधावें. ती तळ्यांतच विते व पिलांची राखण करते. तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसला तर तेथें गळ टाकूं नये. राखणदार गेल्यास सारीं पिलें इतर माशांच्या तोंडीं पडतात.

बाकीचा मासा या उन्हांत कांहीं तासांतच नासतो. धरतांच आंतडीं काढून धुवावा व माशाइतकाच बर्फ घालून ठेवावा. बर्फ न मिळाल्यास ओल्या गोणपाटांत गुंडाळून सावलींतून आणावा, आणि त्याच जेवणास चुलीवर चढवावा.