सुई टोचली, काय वाटले?

भातलावणी झाली की आपल्या चंदगडात पुष्कळांची कंबर धरते. मग कोणी सांगते, "सुया टोचून घे." ही विद्या मूळ चीनची. तिला अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात.

सुई केसागत बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. ती बोटांनी फिरवली की आत जड वाटते, ताण बसतो. यंत्रातून हलकी वीज सोडली की टकटक होते. पेटत्या औषधी पाल्याची धग दिली की ऊब लागते.

एवढे चालते. पण कळ चमकली, चटका बसला, चक्कर आली, तर आपण गप्प बसू नये. लगेच सांगावे. जास्त दुखले म्हणजे जास्त गुण, असे नाही.

सुई नवी, बंद पाकिटातली हवी. महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा कायदा आहे. नोंदणी विचारूनच आपण टोचून घ्यावे.