गुऱ्हाळघराचा ताळेबंद

कोल्हापूर जिल्ह्यातील लघुउद्योगांचा विचार गुऱ्हाळघरांना वगळून पुरा होत नाही. दिवाळीच्या सुमारास करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी या तालुक्यांतून चुलवाणे पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत गुळाचा हंगाम चालतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला हक्काचे स्थान दिले. पुढे राधानगरी धरणाचे काम त्यांनीच हाती घेतल्याने या खोऱ्यातील उसाला पाण्याचा भरवसा लाभला. कोल्हापुरी गुळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तरीही गेल्या काही दशकांत गुऱ्हाळघरांची संख्या सातत्याने घटत आली. साखर कारखान्यांशी उसासाठी करावी लागणारी स्पर्धा, मजुरांची टंचाई आणि दरातील चढउतार ही त्याची कारणे सर्वश्रुत आहेत. चौथे कारण सहसा सांगितले जात नाही. ते उद्योगाच्या आखणीतच दडलेले असते.

कर्जप्रकरणाला जोडलेल्या अहवालात घाणा, काहील, ऊस, मजुरी, व्याज आणि विक्री एवढी कलमे असतात. इंधन, धूर, खाणाऱ्याचे आरोग्य आणि कामगाराची सुरक्षितता यांना त्यात रकाना नसतो. रकाना नसला तरी खर्च टळत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडतो.

इंधनाचेच उदाहरण घ्यावे. एक टन ऊस गाळला असता साधारणपणे ६०० ते ६५० किलो रस आणि त्यापासून १०० ते १२० किलो गूळ मिळतो. म्हणजे टनामागे सुमारे ५०० किलो पाणी वाफ करून घालवावे लागते. त्याच उसाचे चिपाड उन्हात चांगले वाळविले, तर या कामाला लागणारी उष्णता त्यातून मिळू शकते. परंतु ढोबळ हिशेब मांडला असता असे दिसते, की चुलवाणातील निम्मी उष्णता वाया गेली तर चिपाड जेमतेम पुरते आणि निम्म्याहून अधिक गेली तर तुटवडा पडतो. मग जळाऊ लाकूड विकत येते. काही ठिकाणी जुने टायर जाळण्यापर्यंतही मजल जाते. त्या धुराचा त्रास शेजारच्या वस्तीला होतो. उलट, चुलवाणाची रचना सुधारून बाहेर जाणाऱ्या उष्ण वायूंवर दुसऱ्या काहिलीतील रस तापविला, तर चिपाड उरते. उरलेले चिपाड शेतात आच्छादनासाठी वापरता येते किंवा विकता येते. चुलवाणाची दुरुस्ती हा येथे खर्च नसून उत्पन्नाचे साधन ठरते, हे अहवाल तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ध्यानात घ्यावयास हवे.

गुळाच्या रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. सौद्यात रव्याचा रंग पाहून दर ठरतो. पिवळाधमक गूळ उचलला जातो, तांबूस गूळ मागे राहतो. त्यामुळे रस उकळताना ‘हायड्रॉस’ म्हणजेच सोडियम हायड्रोसल्फाइट घालण्याची सवय लागली. या रसायनाने रंग तात्काळ उजळतो, मात्र तो टिकत नाही. साठवणुकीत गूळ पुन्हा काळवंडतो आणि गंधकाचा अंश आत राहतो. गुळातील सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ७० भागांपेक्षा अधिक असू नये, असे अन्नसुरक्षेचे बंधन आहे. केवळ गुळव्याला दोष देणे मात्र न्याय्य नाही. ग्राहकाची नजर, अडत्याची बोली आणि गुळव्याचा हात या तिन्हींनी मिळून ही रीत पडली आहे.

वास्तविक गुळाचा रंग काहिलीत नव्हे, शेतात ठरतो. क्षारयुक्त जमिनीतील, नत्राची मात्रा जादा दिलेल्या उसाचा गूळ काळसर होतो आणि लवकर पाघळतो. ऊस पक्व असावा, तोडल्यावर शक्यतो २४ तासांत गाळावा, को ९२००५ यासारखा गुळाला अनुकूल वाण निवडावा, असे शास्त्र सांगते. या वाणावरील आणि एकूणच गुळावरील संशोधनासाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरातच आहे, ही जिल्ह्याची मोठीच सोय म्हणावी लागेल. रसातील मळी काढण्यासाठी रानभेंडीची खोडे ठेचून काढलेला चिकट रस वापरण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. मात्र भेंडी हंगामाआधीच बांधावर लावावी लागते. म्हणजे ‘विनारसायन’ गुळाची आखणी जूनमध्ये सुरू होते, दिवाळीत नव्हे.

कामगारांविषयी थोडे. घाण्याच्या पट्ट्याला व दात्यांना जाळीचे आवरण, उकळत्या काहिलीभोवती घसरण होणार नाही अशी कोरडी फरशी, रात्रपाळीला पुरेसा उजेड या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. एक बोट गेल्यावर होणारा खर्च त्याहून मोठा असतो, आणि तो बहुधा मजुराचे कुटुंबच सोसते. हंगामापुरती आलेली मुले नजीकच्या शाळेत बसतात किंवा नाही, हे ग्रामपंचायत सदस्यांनी आणि मुख्याध्यापकांनी पहिल्या पंधरवड्यातच पाहिले, तर वर्ष वाया जात नाही.

शिक्षकांना हा विषय गणिताच्या तासालाही घेता येईल. एका आधणाचा रस, त्यातून निघालेला गूळ, जळालेले चिपाड आणि उरलेली राख यांची वजने विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष घ्यावीत. आपल्या गावाच्या चुलवाणात किती उष्णता फुकट जाते, याचे उत्तर त्यांच्या वहीतच मिळेल.

विक्रीची अडचण उरतेच. रसायनाविना केलेला तांबूस गूळ जोवर पिवळ्या गुळाच्या ढिगाशेजारी सौद्याला लावला जातो, तोवर त्याला दर मिळणे कठीण आहे. म्हणून काही उत्पादक एक किलोच्या व अर्ध्या किलोच्या ढेपा, गूळपावडर आणि काकवी अशा स्वरूपात थेट ग्राहकाकडे वळत आहेत. त्यासाठी वेष्टन, प्रयोगशाळेचा दाखला आणि मालाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. एकट्या गुऱ्हाळघराला हे परवडत नाही. चार-पाच गुऱ्हाळघरांनी तपासणी आणि वेष्टनाचा खर्च वाटून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला तो पेलण्याइतका येतो.