जाहिरात टाकायला यंत्र, फोन उचलायला कोण?

प्रश्न : सांगलीत आमचं जुने फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करून विकण्याचं दुकान आहे. मी आणि दोन कारागीर. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर जाहिराती टाकतो, त्यात रोज रात्री तास-दीड तास मोडतो. एक मुलगा येऊन म्हणाला, 'काका, साडेतीन हजार द्या, सॉफ्टवेअर बसवून देतो. रोज पन्नास ठिकाणी आपोआप जाहिरात पडेल, खाली गेली की पुन्हा वर येईल.' घ्यावं का?

उत्तर : घेऊ नका. वेळ वाचवायची तुमची धडपड मात्र रास्त आहे, आणि त्यातला बराचसा वेळ वाचवता येतो.

आधी तो तास कशात जातो ते बघा. एका जाहिरातीचा फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. वेळ खातं ते दुसरंच. मोबाइलमधल्या शेकडो फोटोंतून नेमका फ्रिज शोधायचा, तो अजून दुकानात आहे की गेला ते आठवायचं, कंप्रेसर बदलला होता की नुसता गॅस भरला होता ते कारागिराला विचारायचं, आणि मग किंमत ठरवायची. सॉफ्टवेअर यातलं काहीच करत नाही. ते फक्त फॉर्म भरतं.

शिवाय तुमचा माल नगावर चालणारा आहे. नव्या मिक्सरच्या दुकानदाराकडे एक गेला तर खोक्यातून दुसरा निघतो. तुमच्याकडचा १९० लिटरचा निळा सिंगल डोअर एकच. तो शनिवारी सकाळी टेंपोत चढला तरी यंत्राला त्याचा पत्ता नसतो. ते रविवारी, सोमवारी तीच जाहिरात पन्नास ठिकाणी वर आणत राहतं. मग फोन येतो, 'निळा आहे का?' तुम्ही म्हणता, 'तो गेला, पण २४० लिटरचा डबल डोअर दाखवतो.' समोरच्याला वाटतं, निळा फ्रिज मुळात नव्हताच, दुकानात ओढायची ही युक्ती. तासगावहून एखादा गाडीभाडं खर्चून आला आणि तुम्ही हे त्याला दारात सांगितलंत, तर तो काय बोलेल ते इथे छापता येणार नाही.

जुन्या वस्तूंच्या धंद्यात भांडवल दोनच गोष्टींचं : हातातली कारागिरी आणि लोकांच्या मोबाइलमध्ये साठवलेला तुमचा नंबर. हे सॉफ्टवेअर त्या नंबरलाच धक्का लावतं. कसं, ते सांगतो. ते तुमच्या नावाने लॉगिन करतं, त्यासाठी तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी मागतं, आणि माणूस टाइप करतोय असा आव आणून फॉर्म भरतं. अशी सोंगं ओळखण्याची सोय जाहिरातींच्या साइटवाल्यांनी फार पूर्वीपासून केलेली आहे. तोच फोन नंबर, तोच मजकूर, काही सेकंदांच्या अंतराने पडलेल्या जाहिराती, हे सगळं नजरेत येतं. फोटो थोडा कापला किंवा उजळ केला तरी त्याच्या ठशावरून तोच फोटो असल्याचं कळू शकतं. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा आला तोही यंत्रांना दारातच अडवण्यासाठी. पकडलं गेलं की आधी जाहिराती उडतात, मग खातं बंद होतं. त्याच नंबरवर दुसरं खातं उघडायला गेलात तर तेही टिकेलच असं नाही.

यावर सॉफ्टवेअरवाल्यांचा तोडगा म्हणजे प्रत्येक वेळी मजकुरातले शब्द फिरवायचे. मग 'घरचा वापरलेला, चालू फ्रिज'चं 'निवासी उपभोगातील कार्यरत शीतयंत्र' होतं. असलं शीतयंत्र मिरजेत कोण घेणार, हे त्या मुलालाच विचारा.

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींना हा रोग कधी जडला नाही, कारण तिथे शब्दाला किंवा ओळीला पैसे पडायचे. तीच जाहिरात सात दिवस द्यायची तर माणूस आधी खिसा चाचपायचा. इंटरनेटवर जागा फुकट झाली आणि हा लगाम सुटला. म्हणून मग साइटवाल्यांनी फुकट जाहिरातींची मर्यादा आणि वर दिसण्यासाठी पैसे, असा नवा लगाम घातला. तुमच्या साडेतीन हजारांतले थोडे या दुसऱ्या कामाला लावा. हलत नसलेल्या एखाद्या मोठ्या मशीनची जाहिरात पैसे भरून वर आणणं हा सरळ, चोख व्यवहार आहे.

आता वेळ वाचवायचं बघू. वस्तू दुरुस्त होऊन टेबलावरून उतरली की तिथल्या तिथे, उजेडात, चार फोटो काढायचे : समोरून, दार उघडून, मागचा कंप्रेसर, आणि मॉडेल नंबरची पट्टी. वस्तूला खडूने नंबर टाकायचा. मोबाइलवरच्या एका तक्त्यात तोच नंबर, लिटर, काय बदललं, किंमत आणि 'आहे/गेला' एवढं कारागिरानेच भरायचं. मजकुराचा साचा एकदाच करून ठेवा : '१९० लिटर, सिंगल डोअर. कंप्रेसर मूळ, गॅस नवा, दाराचं रबर बदललं. दुकानात चालू करून दाखवू. पोहोच वेगळी.' रात्री त्यात आकडे बदलायचे आणि चिकटवायचं. विकल्याची खूण करायला विसरू नका. माझ्या मते ती खूण नव्या जाहिरातीपेक्षा जास्त गिऱ्हाईक टिकवते.

आपोआप करायचंच असेल तर उत्तरं करा. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप, ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरं आणि मालाचा कॅटलॉग, हे सगळं फुकट आणि नियमात बसणारं आहे. 'पत्ता कुठे?', 'शेवटचं किती?', 'पोहोचवता का?' या तीन प्रश्नांतच तुमचा निम्मा दिवस जात असणार. ('शेवटचं किती?'ला मात्र तयार उत्तर ठेवू नका, तिथे माणूसच लागतो.) आणि तो मुलगा खरंच हुशार असेल तर हा तक्ता आणि कॅटलॉग त्याच्याकडून लावून घ्या.

पन्नास ठिकाणी नंबर फिरू लागला की गिऱ्हाइकांआधी भामटे पोहोचतात, हेही सांगायला हवं. 'मी लष्करात आहे, बदली झाली, फ्रिज न बघताच घेतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील' हा फोन जाहिरात टाकणाऱ्या पुष्कळांना आलेला आहे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की आपलेच पैसे जातात. हे दोन्ही कारागिरांना पाठ करायला लावा, आणि फसगत झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

प्रश्न (त्याच पत्रातला पुढचा) : पुण्यात माझा मेहुणा जागांचा एजंट आहे. तो म्हणतो, त्याच्या जाहिराती एकदम शंभर-शंभर चढतात. त्याला चालतं, मग मलाच का नाही?

उत्तर : जागांच्या आणि गाड्यांच्या पोर्टलवर एजंट-डीलरांसाठी पैसे भरून घ्यायची पॅकेजेस असतात. काही ठिकाणी त्यात एकगठ्ठा यादी चढवायची सोयही असते. ती परवानगीने होते, म्हणून कोणी अडवत नाही. परवानगीशिवाय केलं तर काय होतं, त्याचा दाखला अमेरिकेतला आहे. क्रेगलिस्ट या तिथल्या मोठ्या साइटने आपोआप जाहिराती टाकणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीला कोर्टात खेचलं, आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने साइटच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी २००६ मध्ये याच साइटने न्यूयॉर्कच्या घरभाड्याच्या दलालांना जाहिरातीमागे १० डॉलर लावले होते. तेच घर पुन्हा पुन्हा टाकण्याची त्यांची सवय मोडावी, हा त्यामागचा एक हेतू.

जागांच्या धंद्यात कायद्याचं वेगळं ओझंही आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात बांधकाम प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही छापावा लागतो, नाहीतर दंड होतो. यंत्राने शंभर जाहिराती टाकल्या आणि साच्यातच क्यूआर कोड टाकायचा राहिला, तर चूक शंभर ठिकाणी एकदम होते. मेहुण्याला एवढंच विचारा, पैसे पोर्टलला भरतो की सॉफ्टवेअरवाल्याला?