कंबरेतली वायर तोडावी का?

आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागायची. त्याच्याच शेजारच्या, साधारण ५०० किलोहर्ट्झच्या करंटने डॉक्टर जुन्या कंबरदुखीवर इलाज करतात. नाव रेडिओफ्रीक्वेन्सी!

मणक्यांच्या मागे छोटे फॅसेट सांधे असतात. त्यांच्या दुखण्याचा सिग्नल मीडियल ब्रँच नावाच्या बारीक नसेतून जातो. एक्स-रेवर बघत सुई तिथे नेतात. गंमत म्हणजे सुई स्वतः तापत नाही. टोकाभोवतीचे आयन मागेपुढे धावतात आणि त्या घर्षणाने नस भाजते, सुमारे ८० अंशांवर, दीड मिनिट. पण सुईच्या बाजूंना भाजतं, टोकापुढे फारसं नाही. म्हणून सुई नसेला समांतर हवी, हे ऑस्ट्रेलियातल्या बोगडुक यांनी १९८७ मध्ये दाखवलं. आणि नस पुन्हा वाढते, म्हणजे हे कायमचं नाही.

हे मी वाचलं ते मामांमुळे. ते दिंडोशीत रिक्षा चालवतात, कंबर पार गेली आहे. एकाने त्यांना 'नस जाळून टाका' असं सुचवलं. खर्च ऐकून मामी गप्पच झाल्या, आणि 'तू इंजिनियर, तू सांग' म्हणून सगळं माझ्यावर आलं.

तर पुरावा काय? २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या तीन चाचण्या छापून आल्या, एकूण ६८१ रुग्ण. सगळ्यांना व्यायाम, काहींना सोबत रेडिओफ्रीक्वेन्सी. तीन महिन्यांनी म्हणावा असा फरक नव्हता. टीकाकार म्हणाले, रुग्णच नीट निवडले नाहीत. दुखणारा सांधा तोच का, हे भुलीच्या एकाच इंजेक्शनवरून ठरवलं होतं. मला हा मुद्दा पटतो. फॉल्ट दुसऱ्या वायरमध्ये असेल तर ही तोडून काय उपयोग? तरी २०२५ मध्ये 'बीएमजे'च्या तज्ज्ञांनी हा उपचार नकोच, अशी ठाम शिफारस केली. अनेक पेन स्पेशालिस्टना ती मान्य नाही. मामांना मी सांगितलं, आधी तीन महिने फिजिओथेरपी, नेमाने.

दुसरा प्रकार मणक्याच्या हाडाच्या आतली बेसिव्हर्टेब्रल नस जाळण्याचा. त्याच्या २२५ जणांच्या चाचणीत काहींवर नुसतं नाटक केलं, सुई नसेपर्यंत नेलीच नाही. ठरल्याप्रमाणे उपचार झालेल्यांचा त्रास तीन महिन्यांत शंभराच्या मापावर २०.५ गुणांनी उतरला. नाटकवाल्यांचा? १५.२ गुणांनी! लॅबमध्ये आपण झीरो एरर वजा करतो, तसं केलं तर हातात उरतात पाच गुण.