जिभेच्या शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य

जिभेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी परतला, टाके निघाले, मानेवरची जखम भरून आली आणि काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल हाती पडला, म्हणजे आप्तेष्टांना संकट टळल्यासारखे वाटू लागते; आणि रुग्णही, जीव वाचला एवढ्यावर संतोष मानावा, घास तोंडातून सांडतो, बोललेले कोणास कळत नाही, हात वर उचलत नाही अशा तक्रारी आता कोणत्या तोंडाने कराव्यात, या संकोचाने पुष्कळसे दुःख मनातच ठेवतो. हा संकोच मला फार घातक वाटतो, कारण यांपैकी बहुतेक व्यथांवर इलाज आहे, परंतु त्या इलाजाला मुदत असते, आणि ती मुदत बहुधा या अबोलपणातच निघून जाते.

प्रथम झाले काय ते समजून घेतले पाहिजे. रोगग्रस्त भाग काढताना शल्यविशारद सभोवतालची सुमारे 1 सेंटीमीटर निरोगी जीभही काढतो, आणि बहुधा त्याच बैठकीत मानेतील लसग्रंथीही काढतो. मानेत गाठ लागत नसताना मान का कापली, असा प्रश्न पुष्कळ रुग्ण विचारतात. त्याचे उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ज्या संशोधनाने दिले ते 2015 साली प्रसिद्ध झाले असून, मुखाच्या कर्करोगाच्या प्रारंभीच्या अवस्थेत मानेची शस्त्रक्रिया आरंभीच केलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, तर गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण 67.5 टक्के होते. जिभेचा लहानसा तुकडाच गेला असेल तर टाके घालून भागते. अर्धी किंवा त्याहून अधिक जीभ गेली असल्यास मनगटाजवळची किंवा मांडीची त्वचा तिच्या रक्तवाहिन्यांसह आणून, त्या वाहिन्या मानेतील वाहिन्यांशी सूक्ष्मदर्शकाखाली जोडून, पोकळी भरून काढतात, किंवा छातीचा स्नायू वर वळवून घेतात. हा जो फ्लॅप बसवला जातो तो जागा भरतो, उरलेल्या जिभेला मोकळेपणा देतो, पण तो स्वतः हलत नाही, त्याला चव कळत नाही आणि बहुधा ऊनगारही कळत नाही. म्हणून चहा-वरणाची ऊब प्रथम ओठांनी पारखून मगच घोट घ्यावा. शल्यविशारदाने आकार दिला. हालचाल मात्र उरलेल्या जिभेकडूनच कमवून घ्यावी लागते.

ती कमावण्याचे पहिले क्षेत्र म्हणजे वाणी. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार रचलेली असल्यामुळे कोणाचे काय बिघडेल याचा अदमास तिच्यावरूनच करता येतो. प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण बहुधा शाबूत राहतात. जिभेचे अग्र गेलेले असल्यास त, थ, द, ध, न आणि त्यांच्यासह ल, र, स अस्पष्ट होतात. अग्र मागे वळवून टाळूला टेकवावे लागते असे ट, ड, ण आणि ळ तर अधिकच रुसून बसतात, आणि जिभेचा मूलभाग गेला असेल तर क, ग या अक्षरांना बळ राहत नाही. म्हणून सरसकट बोलण्याचा सराव करण्यापेक्षा आपले नेमके कोणते वर्ण गेले हे वाचोपचार तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे, आणि जखम भरल्यावर शल्यविशारदाने मुभा देताच रोज थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा, आरशासमोर त्याच वर्णांवर परिश्रम करावेत. जीभ टाळूपर्यंत पोहोचतच नसेल तर टाळू खाली आणणारी कवळीसारखी पट्टी दंतवैद्य तयार करू शकतो. तिने उच्चार आणि गिळणे या दोहोंना साहाय्य होते, तरीही तिच्याविषयी आपण होऊन विचारणारे रुग्ण फार थोडे असतात. घरच्यांनी एवढेच पथ्य पाळावे की रुग्णाचे वाक्य त्याच्या आधी आपण पुरे करू नये, आणि दारी आलेल्या पाहुण्याला त्याच्या वतीने उत्तर देऊ नये. हे बारीक वाटते खरे, पण ज्याच्या वतीने सगळेच बोलतात तो माणूस हळूहळू बोलणे सोडूनच देतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

गिळण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. घास दातांखाली देणे, गोळा करणे आणि घशाकडे ढकलणे ही तिन्ही कामे जिभेची. त्यामुळे घट्ट अन्न पुढेच अडून राहते, आणि पाणी मात्र वेळेआधी मागे ओघळून श्वासनलिकेत शिरू पाहते. नाकातील नळी कधी काढावी, पेज आधी की गुरगुट्या भात आधी, याचा निर्णय म्हणूनच शेजाऱ्याच्या अनुभवावरून करू नये. घास निरोगी बाजूस ठेवणे, मान त्या बाजूस किंचित कलवणे, श्वास रोखून गिळणे, मग खोकून पुन्हा गिळणे, अशा युक्त्या असतात. परंतु कोणती कोणास लागू पडेल हे तपासणीनेच, प्रसंगी बेरियम मिसळलेला घास क्ष-किरणांखाली गिळवून, ठरते. ठसका लागत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, अशी समजूत करून घेऊ नका. काहींच्या फुप्फुसात अन्न निःशब्दपणे उतरते, आणि जेवणानंतर घरघरणारा आवाज, पुनःपुन्हा येणारा ताप किंवा उतरत जाणारे वजन एवढीच त्याची खूण असते.

किरणोपचार, ज्याला रुग्ण 'शेक' म्हणतात, तो घ्यावयाचा असल्यास बहुधा शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू होतो, आणि म्हणूनच दातांची व्यवस्था त्याच्या आधी लावणे अगत्याचे असते. किडलेला दात आधी काढून जखम भरू द्यावी. शेकानंतर जबड्याच्या हाडाला रक्ताचा पुरवठा कमी झालेला असल्याने तोच दात पुढे काढल्यास हाड कुजण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो, म्हणून तुमच्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याखेरीज कोणत्याही दंतवैद्याला दात काढू देऊ नका. लाळ आटते, तेव्हा पाण्याचे घोट जवळ ठेवावेत आणि फ्लोराइडचा वापर दंतवैद्याच्या सल्ल्याने चालू ठेवावा. तोंड आखडत जाते, आणि सुपारीने ज्यांचे तोंड आधीच आखडलेले असते त्यांची स्थिती अधिक बिकट होते. आपल्याच हाताची तीन बोटे उभी ठेवून तोंडात जातात की नाही हे दर आठवड्याला पाहावे, आणि आईस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांमध्ये एकेक वाढवीत जाण्याचा व्यायाम वेदना असली तरी टाकू नये. मानेवर शेक घेतलेल्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करावी. थकवा आणि उदासपणा यांचे मूळ कधी कधी तेथेच सापडते.

खांद्याचे दुखणे हे तोंडाच्या रोगाचे अपत्य आहे, असे रुग्णास वाटतच नाही. मानेच्या ग्रंथी काढताना खांदा उचलणारी शीर जपली तरी ती ताणली जाते. हात डोक्यावर नेता येत नाही, वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही. त्याला व्यायामोपचार हाच उपाय, आणि तो पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झाला पाहिजे. खांदा एकदा धरला की पुढे महिने जातात.

डोके व मान यांच्या कर्करुग्णांसाठी वॉशिंग्टन विद्यापीठाने तयार केलेली आणि मराठीतही उतरवलेली एक प्रश्नावली आहे. तिच्यात वेदना, गिळणे, चावणे, बोलणे, चव, लाळ, रूप आणि खांदा यांच्याबरोबरच मनःस्थिती आणि चिंता यांचीही स्वतंत्र विचारणा केलेली असते, आणि मला ती योग्य वाटते. लग्नकार्यातली पंगत टाळणे, फोन दुसऱ्याच्या हाती देणे, आरसा पालथा घालणे ही दुखण्याचीच लक्षणे आहेत. झोप उडाली, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर ते त्याच दिवशी घरच्यांस व डॉक्टरांस सांगावे आणि मानसोपचार घेण्यात कमीपणा मानू नये.

तंबाखू आणि मशेरी सोडलेले अनेकजण नुसती सुपारी चघळत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक ठरवलेली आहे, आणि एकदा रोग झालेल्या मुखात दुसरा नवा रोग उद्भवण्याचा संभव उरतोच. तेव्हा तीही सुटली पाहिजे. रोग उलटण्याची भीती पहिल्या दोन वर्षांत सर्वांत अधिक असते, म्हणून त्या काळातील तपासणीत हयगय करू नये. जाताना वजन, तोंड किती उघडते, कोणते अन्न जमते आणि कोणते नाही, हे कागदावर टिपून न्यावे, म्हणजे पाच मिनिटांच्या भेटीत सांगायचे काही राहून जात नाही. तोंडात तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, मानेत नवी गाठ, कानाकडे जाणारी कळ किंवा काल गिळता येत होते ते आज न गिळता येणे, यांपैकी काहीही आढळल्यास नेमलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.