अर्ज तुझ्या नावाचा आहे

अगं, जावईबापू जर्मनीत रुळले, भाड्याचं घर मिळालं, आणि आता जो भेटेल तो तुला विचारतोय, “तुझं कधी?” सासूबाई विचारतात, उसाच्या बांधावर भेटलेल्या काकू विचारतात, बारामतीच्या एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा विचारते. तू सगळ्यांना एकच सांगतेस, “ते बघतायत कागदांचं.” आज मला याच उत्तराबद्दल तुझ्याशी बोलायचंय.

मीही पणदरे गावची लेक. याच वाटेनं गेले, आणि माझ्यामागून निघालेल्या कितीतरी मुलींच्या फायली माझ्या डोळ्यांखालून गेल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कुटुंबासोबत राहायला जायचा जो व्हिसा असतो, त्यात अर्जदार तू असतेस. नवऱ्याचे कागद जोडावे लागतात, पण नाव तुझं, सही तुझी, बोटांचे ठसे तुझे आणि प्रश्न विचारले जातील तेही तुलाच. मग अर्जात काय लिहिलंय हे तुला माहीत नसून कसं चालेल?

पहिलं काम आजच कर. जावईबापूंकडून त्यांच्या रहिवासी कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो मागव. ते जर्मन कायद्याच्या कोणत्या कलमाखाली राहतात, ते त्या कार्डावर छापलेलं असतं, आणि तुझ्या अटी त्यावर ठरतात. कार्ड ‘ब्लू कार्ड’ असेल तर जायच्या आधी जर्मन भाषेचं प्रमाणपत्र तुला लागत नाही. इतर परवान्यांत कुणाला सूट आहे, कुणाला नाही. मैत्रिणीच्या नवऱ्याचा परवाना वेगळा असू शकतो, म्हणून तिची यादी घेऊन आपली फाईल लावू नकोस. मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासानं दिलेली यादीच खरी मान.

आता लग्नाचा दाखला. पत्रिका, अल्बम आणि गावजेवण यांनी लग्न गावापुरतं सिद्ध होतं, दूतावासात नाही. १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानं गावातल्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक भाऊसाहेबच, तिथले निबंधक असतात. तीन साक्षीदार लागतात, तुम्हा दोघांच्या सह्या लागतात. म्हणून नोंद राहिली असेल तर जावईबापू रजेवर येतील तेव्हा पूजा आणि पाहुण्यांच्या आधी हे काम उरकून घे. दाखला हातात पडला की तिथेच उभी राहून अक्षरन् अक्षर वाच: नावं, जन्मतारखा, लग्नाची तारीख, इंग्रजी स्पेलिंग. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. महिन्याभरानं त्यासाठी खेटे घालावे लागतात.

आपल्या मुलींच्या फायली सर्वांत जास्त अडतात त्या नावावर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि लग्नात नाव बदललं असेल तर तिसरंच. गावाच्या नावाचंही इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर एकसारखं असेलच असं नाही. जर्मन कचेरीतल्या माणसाला आपली रीत ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीनं नाव वेगळं म्हणजे बाई वेगळी. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा आपल्याकडे नाही. पासपोर्टवर माहेरचं नाव असेल आणि तुला तेच ठेवायचं असेल, तर खुशाल ठेव. बदलायचंच असेल तर गरज असेल तिथे आधी राजपत्रात, मग आधार, मग पासपोर्ट, आणि हे सगळं अर्जाच्या आधी. अर्धं बदललेलं नाव घेऊन मात्र अर्ज करू नकोस.

जन्माचा दाखला मागितला आणि तुझ्याकडे तो नसेल, तर तो पणदऱ्यात शोधत बसू नकोस. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे असते, आणि आपल्यातल्या कित्येकींचा जन्म आईच्या माहेरी झालेला असतो. आईला विचार, त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखाना ज्या नगरपालिकेत येतो तिथे चौकशी कर. नोंदच झाली नसेल तर उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि त्याला वेळ जातो. म्हणून ही चौकशी पहिल्याच आठवड्यात हवी.

आता भाषा. तुला प्रमाणपत्र लागणार असेल तर ते ‘ए-वन’ पातळीचं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात, शंभरपैकी साठ गुण मिळाले की पास. लेखी भाग तासाभराचा, बोलण्याचा पंधरा मिनिटांचा. फॉर्म भरायचा, तीसेक शब्दांचा निरोप लिहायचा, स्वतःची ओळख करून द्यायची. नाव, वय, गाव, भाषा, काम, आवड. एखाद्या शब्दाचं स्पेलिंग सांग म्हणतात, तेव्हा अक्षरं जर्मन उच्चारानं सांगायची. आपल्या गावाचंच सांगून बघ: पे, आ, एन, आ, डे, आ, एर, ए. बारावीपर्यंत शिकलेल्या मुलीला हे अवघड नाही. फक्त रोजचा रियाज लागतो. पंचेचाळीस मिनिटांच्या ऐंशी ते दोनशे तासिका, असा या पातळीचा अंदाज जर्मन शिकवणारी ग्योथे इन्स्टिट्यूट ही संस्थाच देते. त्यांचं पुण्यातलं केंद्र म्हणजे बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन. रोज पुण्याला जाणं जमणार नसेल तर घरून ऑनलाइन शीक आणि परीक्षेपुरती पुण्याला जा. पण प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचंच हवं. कोपऱ्यावरच्या क्लासचं चालत नाही.

आणि तुला सूट असली तरीही शीक. तिथल्या दवाखान्यात, दुकानात, बसमध्ये जावईबापू सोबत नसतील तेव्हा तुझं तोंड तुलाच उघडायचंय. घरात दारं ओढून अभ्यास करायला मिळत नसेल तर सासूबाईंना स्पष्ट सांग, की रोज एक तास माझा आहे, व्हिसासाठी लागतो. ऊसतोडीच्या दिवसांत घरात कामाची किती धांदल असते हे मी जाणते. तरी तो तास सोडू नकोस.

अर्ज आता जर्मन सरकारच्या कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. १ जानेवारी २०२५ पासून ही सोय जगभर सुरू झाली. कागद आधी तिथे चढवायचे, नंतर बोलावतील त्या दिवशी मूळ प्रती घेऊन स्वतः जायचं. शुल्क मोठ्या माणसाला ७५ युरो. पोर्टलचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला ईमेल तुझा असू दे. एखादा एजंट “सगळं माझ्यावर सोडा” म्हणाला तर त्याला नमस्कार कर. या अर्जाला एजंट लागत नाही, आणि त्यानं एक जरी खोटा कागद जोडला तरी त्याचं उत्तर तुला द्यावं लागेल. दूतावास दाखल्याची खातरजमा थेट गावात माणूस पाठवूनही करून घेऊ शकतो.

पूर्वी नकार आला तर दूतावासालाच फेरविचाराचं पत्र पाठवता यायचं. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एक तर नव्यानं अर्ज, नाही तर बर्लिनच्या न्यायालयात दावा. म्हणून फाईल पहिल्याच वेळी भक्कम हवी. मुलाखतीत लग्न कसं जमलं, किती दिवस एकत्र राहिलात, रोज कसं बोलता, असं विचारतील. पाठ केलेलं बोलू नकोस. खरं तेच सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण.

पुढचं सगळं थांबण्याचं. बहुतेक वेळा दूतावास तुझे कागद तुझ्या नवऱ्याच्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीकडे पाठवतो आणि तिच्या होकाराची वाट बघतो. त्यात महिने जातात. या काळात नोकरी सोडू नकोस, शिवणकाम किंवा शिकवण्या चालू असतील तर त्याही बंद करू नकोस, आणि तिकीट काढू नकोस. “काहीतरी गडबड असणार” असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. उशीर म्हणजे नकार नव्हे.

आता जे कुणी सांगत नाही ते ऐक. तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असते. तू स्वतः जा. मग तुझं स्वतःचं रहिवासी कार्ड मिळेल, आणि त्यावर तुला नोकरी करायची मुभा असते. वेगळी परवानगी लागत नाही. नवऱ्याचा विमा सरकारी आरोग्य विमा कंपनीत असेल तर तू कमवत नसताना त्यात तुझं नाव वेगळ्या हप्त्याशिवाय चढतं. बँकेत खातं उघड. पासपोर्ट आणि कार्ड तुझ्या कपाटात, तुझ्या हाताशी ठेव.

देव करो आणि तुझा संसार सुखाचा होवो. पण हक्क माहीत असणं म्हणजे संशय घेणं नाही. तीन वर्षं तिथे एकत्र संसार झाला, आणि नंतर वेगळं व्हायची वेळ आली, तर तुला स्वतःच्या नावावर राहण्याचा परवाना मागता येतो. मारहाण, छळ होत असेल तर तीन वर्षांच्या आतही मागता येतो. “परत पाठवीन” अशी धमकी कुणी दिली तर हे लक्षात ठेव. ११६ ०१६ हा तिथला महिलांसाठीचा मोफत दूरध्वनी, दिवसरात्र चालू, इंग्रजीतही बोलतात. पोलिसांचा ११०. दोन्ही क्रमांक पाठ कर आणि आईच्या वहीतही लिहून ठेव.

आणखी एक. जायचं ठरलं की घरात कुणीतरी म्हणेल, “एवढी एक सही करून जा, तू काय आता परत येणार?” हक्कसोडपत्र असो की मुखत्यारपत्र, निघायच्या घाईत सही करू नकोस. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मान्य केला आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. द्यायचाच असेल तर शांतपणे, वकिलाला विचारून, मनापासून दे. परदेशी जाते म्हणून सोडायचं कारण नाही.

तर या आठवड्यात तीन कामं. कार्डाचा फोटो मागव, ग्रामपंचायतीतून दाखला काढ किंवा असलेला पुन्हा वाच, आणि सगळ्या कागदांवरची नावं एका वहीत ओळीनं उतरव. फरक दिसेल तिथे खूण कर. फाईल लागली की मला दाखव, मी रात्री कितीही वाजता बघीन. आणि उद्या कुणी विचारलं, “तुझं कधी?” तर सांग, “मी अर्ज करतेय.”